कांद्याच्या फुलात मकरंद आहे, तरी मधमाशी टाळाटाळ का करते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक, अहिल्यानगर किंवा बुलढाण्याच्या बाजूने जाताना काही शेतांत उंच दांड्यांवर पांढरे गोंडे दिसतात. हे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. त्यावर मधमाश्या किती फिरल्या, यावर पुढच्या हंगामाचं बी ठरतं. कांद्याचं बी फार टिकतही नाही. साध्या साठवणुकीत वर्षभरानंतर त्याची उगवण झपाट्याने घटते. त्यामुळे एखाद्या वर्षी बी कमी आलं, तर जुन्या साठ्यावर भागवता येत नाही.

फुलाची रचना कशी असते?

गोंडा म्हणजे एक फूल नाही. त्यात शेकडो छोटी फुलं असतात आणि ती काही आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन कप्प्यांचा अंडाशय. एका कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. प्रत्यक्षात बऱ्याच फुलांत त्याहून कमीच भरतात.

गंमत पुढे आहे. पुंकेसर फुटून परागकण बाहेर पडतात, तेव्हा त्याच फुलाची कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारं टोक, तयारच नसते. कुक्षीला धरणारी दांडी तेव्हा जेमतेम १ मिलिमीटर असते. पराग सांडून गेल्यावर ती वाढून ५ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि मग कुक्षी पराग घेते. म्हणून बी धरायचं तर पराग दुसऱ्या फुलातून यायला हवा. तो चिकट असल्याने वाऱ्यावर फारसा उडत नाही.

मकरंद साठतो तो अंडाशय आणि आतल्या तीन पुंकेसरांच्या मधल्या खाचेत. तिथपर्यंत सोंड न्यायची तर माशीला फुलावर बसून डोकं आत घालावं लागतं. नुकत्याच उमललेल्या फुलात तिच्या अंगाला पराग लागतो, जुन्या फुलात तेच अंग कुक्षीला घासतं. गोंड्यावर दोन्ही वयाची फुलं शेजारी शेजारी असल्याने ती नुसती चालत गेली तरी काम होतं.

मग अडतं कुठे?

मकरंदातच. तूर किंवा घेवड्याच्या फुलात तो पाकळ्यांच्या आड असतो. कांद्याचं फूल मात्र उघडं आणि उथळ. दुपारच्या उन्हात त्यातलं पाणी उडतं आणि मकरंद पाकासारखा घट्ट होतो. सोंडेने तो ओढायला वेळ लागतो.

दुसरं कारण पोटॅशियम. अमेरिकेत १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण इतर फुलांच्या तुलनेत खूप जास्त आढळलं. साखरेच्या पाण्यात पोटॅशियम मिसळलं, तर त्याकडेही माश्या कमी वळतात. त्यामुळे जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलली असेल, तर माश्या तिकडे जातात. बांधावर अशी पिकं लावून माश्या बोलवण्याचा सल्ला दिला जातो, तो चांगलाच आहे. पण दोन्ही फुलोरे एकाच वेळी आले तर बोलावलेले पाहुणे बांधावरच जेवून परततील, हेही खरं!

संकरित बियाण्यात ही अडचण दुप्पट होते. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना पराग न देणारं कांद्याचं झाड सापडलं. संकरित कांदा अशाच झाडांवर उभा राहिला. शेतात काही ओळी पराग देणाऱ्या, तर बी धरणाऱ्या ओळी परागाविना. पराग गोळा करणारी माशी या दुसऱ्या ओळींकडे फिरकतच नाही. तिथे येते ती फक्त मकरंदासाठी निघालेली माशी, आणि तिला तोच आवडत नाही.

शेतकऱ्याच्या हातात काय?

मकरंदाची चव बदलता येत नाही, पण आलेली माशी जपता येते. नेमक्या याच काळात फुलकिड्यांसाठी कीटकनाशक मारलं जातं आणि सातेरी, आग्या, फुलोरी या माश्याही मरतात. म्हणून फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करायचा. फुलोऱ्यात फवारणी टाळता आलीच नाही, तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी. काही औषधांचा अंश दुसऱ्या दिवशीही फुलावर राहतो, त्यामुळे औषध निवडताना तेही विचारून घ्यावं. भाड्याच्या पेट्या आणायच्या असतील, तर थोडे गोंडे उमलल्यावर आणाव्यात. आधी आणल्या तर माश्यांना आसपासच्या दुसऱ्या फुलांची सवय लागते.