लाल सिग्नल

कोपरची स्लो लोकल गाठायची तर सकाळचं एकेक मिनिट मोजलेलं असतं. त्या मंगळवारी मात्र मी बाथरूममध्येच थबकलो. कमोडमधलं पाणी चक्क गुलाबी! दुखणं नाही, जळजळ नाही. आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर हाणली होती, म्हटलं केस क्लोज. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होतेही. टीबीच्या रिफाम्पिसिननं ती नारिंगी होते. पण दोनच दिवसांनी बीट नसताना तोच रंग, वर रक्ताची बारीकशी गुठळी.

मग सगळं आपोआप थांबलं आणि मी गप्प बसलो. मंडळी, माझी चूक झाली ती इथे. रक्त थांबलं म्हणून कारण गेलेलं नसतं.

ग्रुपमधल्या डॉक्टरांचं (म्हणजे गुगलवाल्यांचं) निदान ठरलेलं : स्टोन. लोकलमध्ये टॉयलेट नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही. मुद्दा खोटा नव्हता. पण खडा सरकला की कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ येते की माणूस लोळतो. इन्फेक्शन असेल तर आग होते, सारखी लागते. किडनीच्या गाळणीला सूज असेल तर लघवी कोलासारखी दिसते, फेस येतो, चेहरा सुजतो, बीपी चढतं. मॅरेथॉन धावल्यावरही रक्त दिसू शकतं, ते दोन-तीन दिवसांत जातं. माझं यातलं काहीच नव्हतं.

"दुखत नाही हेच मला आवडलं नाही," युरॉलॉजिस्ट म्हणाले. पुढचा प्रश्न, "सिगरेट?" वय ३८, रोजच्या सात-आठ. सिगरेटमधली विषं किडनीतून गाळून मूत्राशयात येतात आणि तासन्‌तास तिथेच मुरतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासण्या साध्यापासून सुरू झाल्या. नुसती पट्टी बुडवून भागत नाही, मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर पुढे जायचं. मग कल्चर, क्रिएटिनिन, सोनोग्राफी. मैत्रिणींनो, पाळीच्या दिवसांत सॅम्पल देऊ नका, आणि दरवेळी 'इन्फेक्शनच असेल' म्हणून अँटिबायोटिकवर बोळवण होत असेल तर कल्चर मागा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टाळायची नाही. गुठळ्यांनी लघवीच अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र थेट हॉस्पिटल.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीवर वाटाण्याएवढं काहीतरी दिसलं. सीटी, मग दुर्बीण. दुर्बिणीची मला जाम भीती होती, खरं तर लाजच जास्त. बधिर करणारी जेली, पाच-सात मिनिटं, नंतर दिवसभर थोडी जळजळ. बस्स. गाठ ऑपरेशननं काढली. बायोप्सीत कॅन्सर आला, पण वरच्या थरातला, मंद वाढणारा.

बायकोला हे सांगताना मात्र माझी बोबडी वळली. तिनं आधी सिगरेटचं पाकीट उचललं आणि कचऱ्यात टाकलं.

आता ऑफिसला निघताना बॅगेत लिटरभर पाणी असतं आणि ठाण्याला एक ब्रेक ठरलेला. तीन महिन्यांनंतरची दुर्बीण पुढच्या शुक्रवारी आहे. बॉसला कारण काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.