माळ्यावरच्या पिवळ्या डब्या

नेरूळला लोकल आली १९९३ साली. त्या सुमारास गिरगाव, दादर, परळकडची बिऱ्हाडं खाडी ओलांडून सिडकोच्या घरांत आली, त्यांच्याबरोबर ट्रंकाही आल्या. काही ट्रंकांत कोडॅकच्या पिवळ्या डब्या होत्या. मामा जर्मनीत, काका आखातात, अशा वाटेनं रंगीत स्लाइडचा रोल घरात यायचा आणि सुट्टीत भिंतीवर चादर ताणून ‘शो’ व्हायचा. हा शौक आपल्याकडे जुनाच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी हातानं रंगवलेल्या काचेच्या स्लाइड्सवर ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ उभा केला तो १८९२ साली. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत पोचला त्यानंतर, १८९६ला.

आता प्रोजेक्टर असला तर त्याचा दिवा मिळत नाही. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर काढणं २००४ साली थांबवलं, कोडाक्रोम ही स्लाइडची फिल्म २००९ साली. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या लॅबनं २०१०च्या अखेरीस कोडाक्रोमचे रोल घेणं बंद केलं, तेव्हा ती धुणारं जगात कोणी उरलं नाही. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरीच्या हाती पडला आणि त्यातल्या काही चौकटी त्यानं मुंबईत आणि राजस्थानात खर्च केल्या.

म्हणून मुलं म्हणतात, सगळं स्कॅन करून सीडीवर टाका. स्कॅन जरूर करा. सीडीचं मात्र जरा थांबा.

आधी स्लाइड उजेडात तिरकी धरून बघा. खाडीकाठी पावसाळे काढलेल्या स्लाइडवर बहुधा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. ही बुरशी. तिचं खाद्य म्हणजे फिल्मवरचं जिलेटिन. इथे पाण्याचा बोळा फिरवला की संपलं, कारण बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर आत्याचा चेहराही जातो. कापसाला जेमतेम आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, एखाद्या बिनकामाच्या स्लाइडवर आधी हात बसवून मगच पुढे जावं. नुसत्या धुळीला रबरी ब्लोअर पुरतो. फुंकर नको, थुंकी उडते.

चांगल्या फिल्म स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसण्याची सोय असते. साध्या एक्टाक्रोम फिल्मवर ती छान चालते. कोडाक्रोमवर फसते, कारण तिचे रंगथर इन्फ्रारेडला पुरती वाट देत नाहीत आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. कृष्णधवल चित्रातल्या चांदीचंही तेच. तिथे आपला हात आणि आपला वेळ. स्लाइड उलटी बसली की एसटीची पाटी उजवीकडून डावीकडे वाचावी लागते, तेवढं बघावं. चकचकीत बाजू पाठीची, मंद बाजू चित्राची.

आता हिशेब. स्लाइडची चौकट दोन इंची, चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर. ४००० डीपीआयनं स्कॅन केलं की साधारण २१ मेगापिक्सेल, बिनदाबाच्या टिफ फाइलचे ६४ एमबी. ७०० एमबीच्या सीडीवर अशा दहाच बसतात, डीव्हीडीवर सत्तरेक. कॅरोसेल प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये ८० स्लाइड्स असायच्या, म्हणजे एक ट्रेसुद्धा एका डीव्हीडीत मावत नाही. दुकानदार ‘सगळं एका सीडीत दिलं’ म्हणाला तर त्यानं जेपेग किती दाबलंय ते विचारावं.

शिवाय घरी बर्न केलेल्या सीडीवर माहिती असते ती सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात. ऊन, उष्मा, दमट हवा, तिन्ही त्याला मारक, आणि नेरूळला तिन्ही मुबलक. ती टिकली तरी नव्या लॅपटॉपला ती घालायला खाचच नसते. उलट अंधारात, कोरड्यात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही रंग धरून असते; तिचं वाकडं प्रोजेक्टरच्या दिव्याशी. म्हणजे ज्या डबीला आपण जुनाट म्हणतो ती नव्या चकतीपेक्षा दणकट निघू शकते. स्कॅन झालं म्हणून डब्या भंगारवाल्याला देणं हा निव्वळ अविचार.

फाइल्स दोन हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, एक नेरूळबाहेर, पुण्याच्या बहिणीकडे वगैरे. सीडी हवीच असेल तर तिसरी प्रत म्हणून. स्लाइडच्या पुठ्ठ्याचाही मोबाइलवर फोटो घ्यावा. ‘माथेरान, मे ७४’ असं वडिलांनी शाईच्या पेनानं लिहिलेलं असतं, ते स्कॅनरला दिसत नाही. आणि चित्रातली डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी आजी अजून घरात असेल, तर स्कॅनर लावायच्या आधी तिच्याशेजारी बसून नावं लिहून घ्यावीत.