ओला रस्ता, काळोखी रात्र आणि बेछूट वेग

मृगाचा पाऊस स्थिरावला, सह्याद्रीच्या कड्यांवरून धबधबे कोसळू लागले, की ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांना एकाएकी शहराचे शेजारपण जाणवू लागते. मुरबाडहून टोकावडे, वैशाखरे, मोरोशीमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आणि शहापूरहून आटगाव, खर्डीवरून कसाऱ्याच्या घाटाकडे चढणारा मुंबई-नाशिक महामार्ग हे दोन्ही मार्ग शनिवार-रविवारी मोटारी आणि मोटारसायकलींनी भरून वाहतात. निसर्गाच्या ओढीने येणाऱ्या कुटुंबवत्सल प्रवाशांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याबरोबरच आणखी एक वर्ग येतो. त्याला धबधबा पाहावयाचा नसतो. मोकळा झालेला रस्ता, सोबत्यांची चढाओढ आणि यंत्राचा आवाज यांतच त्याचा आनंद सामावलेला असतो. दिवसा गर्दीमुळे वेग साधत नाही, म्हणून ही चढाओढ रात्री किंवा पहाटे रंगते. पाऊस पडत असेल तर त्यात शौर्याची भर पडल्यासारखे वाटते. तिला कोणी शर्यत म्हणत नाही, तिची कोठे नोंद होत नाही, पण वस्तुतः ती मोटार-शर्यतच असते.

मोटार-शर्यत हा एक मान्यताप्राप्त आणि कमालीचा शिस्तबद्ध खेळ आहे. त्यामुळे जे आयुष्यभर वेगाचाच व्यवसाय करतात, ते रात्र आणि पाऊस यांच्याविषयी काय मानतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे भर पावसात आणि मावळत्या उजेडात फॉर्म्युला वन शर्यत चालू होती. घसरून बाहेर गेलेली एक मोटार उचलण्यासाठी अवजड यंत्र आले होते. धोक्याचे पिवळे निशाण फडकत असतानाच ज्यूल्स बियांकी या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच चालकाची मोटार त्याच जागी घसरली आणि त्या यंत्रावर आदळली. नऊ महिन्यांहून अधिक काळ बेशुद्धावस्थेत राहून १७ जुलै २०१५ रोजी त्याचा अंत झाला. या अपघाताची चौकशी झाली आणि नियम बदलले. निशाण पाहून किती सावकाश जावयाचे हे चालकाच्या मर्जीवर न सोडता सर्वांचा वेग एकाच वेळी खाली आणणारी व्यवस्था २०१५ पासून लागू झाली. प्रकाशझोतांतील रात्रीच्या शर्यती वगळता कोणतीही शर्यत सूर्यास्तापूर्वी निदान चार तास सुरू झाली पाहिजे, असेही ठरले.

रात्रीच्या शर्यती होतात, पण त्या कशा होतात? सिंगापूरला २००८ मध्ये पहिली रात्रीची शर्यत झाली, तेव्हा सुमारे पंधराशे प्रकाशझोतांनी रस्ता उजळून काढण्यात आला होता. तेथेच २०१७ साली ओल्या रस्त्यावर शर्यत सुरू झाली आणि पहिल्या काही क्षणांतच आघाडीच्या मोटारी एकमेकींवर आदळल्या. बेल्जियममधील स्पा येथे २०२१ साली दिवसाउजेडीही पावसापुढे हार मानावी लागली. सुरक्षा-मोटारीच्या मागे दोन-तीन फेऱ्या सावकाश काढून शर्यत संपविण्यात आली आणि निम्मे गुण देण्यात आले. २०२४ साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रात्री पाऊस आला, तेव्हा जगातील निवडक चालक सुमारे चार तास सुरक्षा-मोटारीच्या मागे निमूटपणे रांगेने चालत होते. आपल्याकडे त्याच वर्षी ३१ ऑगस्टला चेन्नईच्या रस्त्यांवर देशातील पहिली रात्रीची नगर-शर्यत भरली, तेव्हा पावसामुळे सुरक्षेची पूर्तता लांबली आणि तोवर मोटारी जागच्या हलल्या नाहीत.

ओल्या मार्गासाठी बनविलेले फॉर्म्युला वनचे टायर पूर्ण वेगात सेकंदाला ऐंशी-पंचाऐंशी लिटर पाणी बाजूला सारू शकतात, असे त्यांचे निर्माते सांगतात. तरीही शर्यत थांबते, कारण पाणी बाजूला सारता आले तरी उडालेल्या तुषारांच्या पडद्याआड काय आहे, ते कोणालाच दिसत नाही. सारांश, प्रश्न केवळ घसरण्याचा नसून दिसण्याचाही आहे.

आता हीच कसोटी आपल्या रस्त्याला लावून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. अडथळा दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. त्यानंतर ब्रेक लागून वाहन थांबण्यास कोरड्या रस्त्यावर ढोबळ हिशेबाने ३६ मीटर, तर ओल्या रस्त्यावर ६० मीटरांहून अधिक अंतर लागते. म्हणजे एकूण अंतर शंभर मीटरांच्या घरात जाते. दुचाकीच्या खाली वळविलेल्या दिव्याचा उपयुक्त उजेड मात्र पावसात याच्या निम्म्यापर्यंतही मुश्किलीने पोहोचतो. उलट, वेग ४० वर आणला तर हेच एकूण अंतर ३२ मीटरांवर येते आणि दिव्याच्या आवाक्यात बसते. जो चालक आपल्या उजेडापेक्षा अधिक वेगाने धावतो, तो खरोखर डोळे मिटून धावत असतो.

त्या काळोखात पुढे कोण असते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शर्यतीच्या मार्गावर स्पर्धकांखेरीज कोणी नसते. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर सारा तालुका असतो. आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवर शेवटच्या लोकलने उतरून दुचाकीने पाड्याकडे निघालेला कारकून असतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेला कामगार असतो. आवणी आटोपून डोक्यावर इरले घेतलेल्या, चिखलाने भरलेल्या कपड्यांत कडेने चालणाऱ्या ठाकूर आणि कातकरी स्त्रिया असतात. त्या कपड्यांवरून उजेड परतत नाही. गोठा सोडून कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरे असतात. पहाटे दूध आणि भाजी घेऊन निघालेला माणूस असतो. यांपैकी कोणीही शर्यतीत नाव नोंदविलेले नसते.

अर्थशास्त्रात ज्याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. कारखाना नफा आपल्याकडे ठेवतो आणि धूर शेजाऱ्याकडे सोडतो. वेगवान चालक थरार आपल्याकडे ठेवतो आणि धोका वाटून टाकतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तो स्वतः पडला तरी खर्च एकट्याचा राहत नाही. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही सर्पदंश, बाळंतपणे आणि पावसाळी ताप यांनी आधीच भरलेली असतात. डोक्याला गंभीर मार लागलेल्या जखमीला तेथून ठाणे-मुंबईकडेच हलवावे लागते. त्या कामी गुंतलेली रुग्णवाहिका तेवढे तास एखाद्या अडलेल्या बाईसाठी उपलब्ध नसते. हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही, पण तो कोणीतरी भरतोच.

देशाचे आकडे या चित्राशी विसंगत नाहीत. २०२२ मध्ये भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांवर होता. सरकारी नोंदींनुसार दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाशी निगडित होते आणि मृतांमध्ये सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचा होता.

यावर उपाय म्हणून रस्ता रुंद आणि गुळगुळीत करावा, असे सुचविले जाते. रस्ता चांगला हवाच. तथापि, सॅम पेल्ट्झमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली एक अप्रिय मुद्दा मांडला होता: सुरक्षिततेची साधने वाढली की काही चालक त्या सुरक्षिततेच्या मोबदल्यात अधिक वेग विकत घेतात. त्याच्या निष्कर्षाच्या प्रमाणाविषयी वाद झाले. परंतु खड्डे बुजताच वेगाचा काटा कसा चढतो, हे आपल्या रस्त्यांवर कोणालाही पाहता येते. रस्त्याबरोबर नियमनही सुधारले नाही, तर सुधारणेचा लाभ वेगच गिळून टाकतो.

कायदा नाही, असे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, अशी शिक्षा आहे. याच राज्यात बैलगाडा शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम आणि हजार मीटरांच्या धावपट्टीची मर्यादा असे नियम आहेत. त्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्य केली. बैलांच्या सुरक्षिततेचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या समाजाने रस्त्याने चालणाऱ्या माणसांबाबत उदासीन राहावे, हे विचित्र आहे.

पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई हुकूम निघतात, पण सरसकट बंदी हा सोयीचा असला तरी न्याय्य मार्ग नाही. तिचा पहिला फटका घाटात मक्याची कणसे आणि चहा विकणाऱ्या स्थानिकांना बसतो. त्यांची मिळकत दिवसाच्या पर्यटकांवर असते. रात्रीचा शर्यतबाज त्यांच्याकडे थांबत नाही. म्हणून नियंत्रण हवे ते ठिकाणावर नव्हे, वेळेवर आणि वेगावर. फ्रान्समध्ये द्रुतगती मार्गावरील ताशी १३० किलोमीटरची मर्यादा पाऊस पडताच ११० वर येते. आपल्याकडे वेगमर्यादा वाहनाच्या आणि रस्त्याच्या प्रकारावर ठरते, आकाशाच्या स्थितीवर नाही. माळशेज आणि कसारा घाटांत व त्यांच्या पायथ्याच्या गावांत जून ते सप्टेंबर रात्रीसाठी निराळी, कमी मर्यादा जाहीर करावी. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी दोन कॅमेऱ्यांमधील अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग मोजावा. म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून सुटका होणार नाही. दंडाच्या वसुलीतील काही भाग या दोन तालुक्यांच्या रुग्णालयांसाठी आणि गावांच्या थांब्यांवरील दिव्यांसाठी राखून ठेवावा. ज्यांच्यावर धोका लादला जातो त्यांनाच भरपाई मिळावी, हे अर्थशास्त्राला आणि न्यायबुद्धीलाही धरून आहे.

तरुणांना वेगाचे वेड असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना बंद मार्गावर, देखरेखीखाली, रीतसर शुल्क घेऊन वेग अनुभवता येईल अशी सोय दक्षिणेत कोइम्बतूर आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथे आहे. महाराष्ट्राने त्या दृष्टीने विचार करण्यास हरकत नसावी. परंतु धैर्याची कल्पनाही त्यांच्यापुढे नीट मांडली पाहिजे. १९७६ साली जपानमधील फुजी येथे मुसळधार पावसात जगज्जेतेपदाचा निर्णय होणार होता. त्याच वर्षी आगीत होरपळून मरणाच्या दारातून परतलेल्या निकी लाउडाने दोन फेऱ्यांनंतर मोटार बाजूला घेतली आणि उतरून गेला. जगज्जेतेपद एका गुणाने हुकले. त्याला भ्याड ठरविण्याचे धाडस इतिहासाने केले नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला.

ज्याला जगातील सर्वोत्तम वाहन आणि मोकळा मार्ग लाभला होता, त्याला थांबणे कमीपणाचे वाटले नाही. मुरबाडच्या रस्त्यावर तर समोरून इरले पांघरलेले माणूस येत असते. त्याच्यासाठी वेग आवरणे हा उपकार नसून त्याच्या रस्त्यावरून जाण्याचे ते किमान मोल आहे.