रात्री साडेनऊचा मेसेज आणि सकाळचं कॉर्टिसॉल

तुम्ही दुबईत, अबू धाबीत किंवा शारजात राहत असाल, तर हे तुमच्याही घरी घडत असेल. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, जेवणं चालली आहेत आणि ताटाशेजारचा फोन थरथरतो. हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये साडेपाच वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेबारा. 2022 पासून इथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, सौदीची मात्र शुक्रवार-शनिवारच राहिली. रियाधशी काम असेल, तर रविवारही गेलाच.

‘उद्या बघू’ म्हणून तुम्ही फोन पालथा ठेवता. पण त्याने भागतं का?

झोपेतून उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ताणाखाली ही वाढ जास्त होऊ शकते. 2016 साली जर्मन संशोधकांनी 13 संस्थांमधल्या 132 कर्मचाऱ्यांची तपासणी केली. सुट्टीच्या वेळेत कामासाठी उपलब्ध राहायचं होतं, असे काही दिवस आणि पूर्ण मोकळे असे काही दिवस त्यांनी ताडून पाहिले. उपलब्धतेच्या दिवसांचा परिणाम पुढच्या सकाळच्या मनःस्थितीवर आणि कॉर्टिसॉलवरही दिसला. अशा वेळेला ‘फावला वेळ’ म्हणताच येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे प्रश्न नुसत्या मेसेजचा नाही, तो येईल म्हणून सावध राहण्याचाही आहे. आणि कामाचे तासच वाढले, तर? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो.

मग कायदा काय म्हणतो? फ्रान्समध्ये ‘संपर्काबाहेर राहण्याचा हक्क’ 2017 पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. भारतात सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं. पण खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात.

अमिरातीत असा स्वतंत्र हक्क नाही. मात्र फेब्रुवारी 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. जादा काम साधारणपणे दिवसाला 2 तासांपर्यंतच, आणि त्याला 25 टक्के जादा मोबदला. रात्री 10 ते पहाटे 4 मध्ये असेल, तर 50 टक्के. यात दोन फटी आहेत. मालकाचे अधिकार वापरणारी पर्यवेक्षकाची पदं या मर्यादेत येत नाहीत. आणि मेसेजला दिलेलं पाच मिनिटांचं उत्तर ‘जादा काम’ म्हणून कोण मांडणार? आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून थेट नकाराऐवजी साहेबांना एवढंच विचारा: ‘रात्री आठनंतरचं तातडीचं असेल, तर फोन कराल का? बाकीचं सकाळी बघतो.’ असं ठरलं, की प्रत्येक थरथरीकडे कान लावून बसावं लागत नाही.

आणि एक स्वतःसाठी. तुम्ही रात्री नऊला पुण्यातल्या सहकाऱ्याला ‘जरा बघशील का’ असं पाठवता, तेव्हा तिथे साडेदहा वाजलेले असतात. तो मेल सकाळी जाईल असा लावून ठेवा. त्याचीही सकाळ असते.