काचबिंदू : डोळ्याचा दाब आता घरी मोजता येणार? आत बसवायचा सेन्सर कसा काम करतो, जाणून घ्या

काचबिंदूचा पेशंट तीन-चार महिन्यांतून एकदा दवाखान्यात जातो. डॉक्टर दाब मोजतात, 'ठीक आहे' म्हणतात. पण तो आकडा फक्त त्या क्षणाचा असतो. बाकीच्या दिवसांत काय झालं, हे कुणालाच कळत नाही.

दाब का वाढतो?
डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. साधारण १० ते २१ हा दाब सामान्य मानतात. मात्र तो दिवसभर सारखा नसतो. अनेकांचा दाब रात्री आडवं झाल्यावर किंवा पहाटे वाढतो. तेव्हा दवाखाना बंद असतो!

शिवाय बरेच जण तपासणीच्या आधीचे चार दिवसच नियमाने थेंब टाकतात. मग आकडा चांगला येतो, पण नसेचं नुकसान चालूच राहतं.

सेन्सर काय करतो?
जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातील इम्प्लांडेटा कंपनीने 'आयमेट' हा सेन्सर बनवला. त्याच्या एका प्रकाराला २०१७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळीच हे छोटं कडं डोळ्यात बसवतात. त्यात बॅटरी नसते. हातात मावणारं यंत्र डोळ्यासमोर धरलं की त्यातूनच सेन्सरला वीज मिळते आणि दाबाचा आकडा दिसतो. पेशंट घरी, रात्री, दिवसातून कितीही वेळा मोजू शकतो. डॉक्टरांनाही सगळे आकडे पाहता येतात.

पण लक्षात घ्या, सेन्सर दाब फक्त मोजतो, कमी करत नाही. थेंब टाकावेच लागतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत ही सोय अजून नाही.

तोपर्यंत काय करावं?
- 'दिसतंय की चांगलं' म्हणून थेंब बंद करू नका. चुकले असतील तर डॉक्टरांना खरं सांगा.
- चाळिशीनंतर, घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीही, डोळे तपासून घ्या.
- मेडिकलमधून मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नका. त्यानेही दाब वाढू शकतो.
- डोळा अचानक लाल होऊन खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मोतीबिंदूत गेलेली नजर बहुतेकदा ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही.