कूलरचा करंट आणि अमेरिकेचे 120 व्होल्ट

उन्हाळ्यात विदर्भात पत्र्याच्या कूलरचा करंट लागून माणसं दगावतात, आणि त्यावर एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं: अमेरिकेत 120 व्होल्ट, आपल्याकडे 230, म्हणून तिकडची घरं सुरक्षित. हिशोब करून पाहू. ओल्या हातांनी, अनवाणी उभ्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर आपल्याकडे 230 मिलिअँपिअर वाहतील, तिकडे 120. जीव घ्यायला दोन्ही पुरेसे. अमेरिकेचाही 120 वर भरवसा नाही. न्हाणीघरातल्या सॉकेटला साधारण 5 मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारं साधन तिथल्या विद्युत संहितेने 1975 पासून सक्तीचं केलं. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये तर आपल्यासारखेच 230 व्होल्ट आहेत.

फरक आहे तो गळलेल्या विजेला वाट कोणती मिळते याचा. आपल्याकडच्या घरमालकाला वाटतं, एमसीबी (जादा प्रवाहावर वीज तोडणारी कळ) बसवली, अर्थिंग केलं, झालं. पण एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला 230 मिलिअँपिअर जाणवतही नाहीत. अर्थिंगचं काय? (प्लगची तिसरी पिन तोडलेली असेल तर तो प्रश्नच मिटला.) ब्रिटनमध्ये बहुतेक घरांना अर्थिंग वीज कंपनीच्या केबलमधूनच मिळतं, म्हणून बिघाड होताच मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. आपल्या गावात अर्थिंग म्हणजे अंगणात पुरलेला पाइप. त्याचा रोध 20 ओहम निघाला, तर वाहतील साडेअकरा अँपिअर; एमसीबी पडणार नाही, कूलरचा पत्रा जिवंतच राहील. त्यातून इथली धानाच्या खाचरांची जमीन वैशाखात भेगाळते, रोध आणखी वाढतो, आणि कूलर नेमका तेव्हाच रात्रभर चालतो. फ्रान्समध्येही अनेक घरांचं अर्थिंग असंच स्वतःचं असतं. तिथे मात्र 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारी आरसीसीबी बंधनकारक आहे.

आपल्याकडेही नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरची हीच मर्यादा आहे, पण 2 किलोवॉटखालची जोडणी त्यातून सुटते. दोन बल्ब, पंखा, टीव्ही आणि कूलर असलेलं घर नेमकं त्या सुटीत बसतं. लहान घराला खर्च कशाला, हा आक्षेप म्हणूनच उलटा आहे: धोका भारावर ठरत नाही, कूलरचा पंप तर मिक्सरपेक्षाही कमी वीज खातो. आरसीसीबी असली की अर्थिंग नको, हेही खरं नाही. अर्थिंग नसेल तर ती माणसाने पत्र्याला हात लावल्यावर पडते. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच. पावसाळ्यात ती सारखी पडते ही तक्रार रास्त आहे, पण म्हणून तिला बायपास करू नये. सगळे प्लग काढून एकेक लावत गेलं की गळती कुठे आहे ते कळतं. एकही प्लग नसताना पडली, तर ओल्या भिंतीतली वायर तपासावी.