माकडाच्या मेंदूला प्रकाशानं विचारलेला प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेत मेंदू आधी कानाला कळतो. ऱ्हीसस माकड खुर्चीत बसलेलं असतं. समोरच्या पडद्यावर ठिपका उमटतो आणि माकडाच्या मेंदूत सोडलेल्या बारीक तारेतून येणारे संकेत स्पीकरवर तडतडू लागतात. एक तडतड म्हणजे एका चेतापेशीचा एक विद्युतस्पंद. ठिपका डावीकडे उमटला की ही पेशी जोरात तडतडते, उजवीकडे उमटला की जवळजवळ गप्प. माकडानं नजर बरोबर ठिपक्यावर नेली की तोंडाशी लावलेल्या नळीतून त्याला रसाचा थेंब मिळतो. मेंदूचा आज आपल्याला ठाऊक असलेला बराचसा नकाशा अशा ऐकण्यातून तयार झाला आहे.

पण नुसत्या ऐकण्यानं कारण कळत नाही. नजर वळण्याआधी पेशी तडतडली, म्हणून तिनंच नजर वळवली असं ठरत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण म्हणजे एक नेटका प्रयोगच आहे. कोंबड्याचं आरवणं आणि उजाडणं रोज पाठोपाठ घडतं. त्यांत कार्यकारणाचा संबंध आहे का, हे कोंबडं झाकल्याशिवाय कळत नाही. मेंदूतल्या निवडक पेशींना क्षणभर असं झाकण्याची, किंवा आपल्याला हवं तेव्हा आरवायला लावण्याची सोय म्हणजे ऑप्टोजेनेटिक्स.

या आधीची साधनं ढोबळ होती. विजेचा झटका दिला तर तारेजवळच्या सगळ्याच पेशी आणि तिथून नुसते जाणारे तंतूही चेततात. पेशी गप्प करणारं औषध टोचलं तर त्याचा असर कितीतरी तास टिकतो, आणि मेंदूचा कारभार तर मिलिसेकंदांत चालतो. आजूबाजूच्या पेशींना धक्का न लावता एकाच प्रकारच्या पेशींवर ताबा मिळायला हवा, ही गरज फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्येच बोलून दाखवली होती.

ती गरज भागवली शेवाळानं. क्लॅमिडोमोनास हे गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत आढळणारं एकपेशीय हिरवं शेवाळ. त्याला उजेडाची दिशा कळते, कारण त्याच्या पेशीच्या आवरणात प्रकाश पडताच उघडणारं एक प्रथिन असतं. पेटर हेगेमान, गेऑर्ग नागेल आणि अर्न्स्ट बाम्बर्ग या जर्मन शास्त्रज्ञांच्या गटानं २००२ आणि २००३ मध्ये ही प्रथिनं ओळखली. त्यांना चॅनेलऱ्होडॉप्सिन म्हणतात. निळा प्रकाश पडला की प्रथिनाची वाट उघडते, धन विद्युतभाराचे आयन पेशीत शिरतात आणि पेशी स्पंदते. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एड बॉयडेन, कार्ल डाइसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन उंदरवर्गीय प्राण्याच्या चेतापेशींत बसवलं आणि त्या पेशी प्रकाशाच्या तालावर स्पंदू लागल्या. उलट काम करणारी, म्हणजे प्रकाश पडताच पेशीला गप्प करणारी प्रथिनंही पुढे मिळाली.

लहान उंदरांत हे तंत्र झपाट्यानं पसरलं. मग माकडाला हात लावायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि मला तो नेहमी विचारला जातो. लहान उंदराच्या मेंदूत सुमारे सात कोटी चेतापेशी असतात, ऱ्हीससच्या मेंदूत सुमारे ६४० कोटी, माणसाच्या ८,६०० कोटी. पण खरा फरक नुसत्या आकड्याचा नाही. आपण वाचतो, चेहरे ओळखतो, ते डोळ्याच्या पडद्यावरच्या एका छोट्या, अतिशय तीक्ष्ण जागेच्या बळावर. ती जागा माकडाला आहे, उंदराला नाही. ती जागा हव्या त्या गोष्टीवर नेण्यासाठी नजर सतत हलवणारं मेंदूतलं जाळंही माकडाचं आणि आपलं बरंच सारखं आहे.

माकडात मात्र हे तंत्र सहजासहजी चालत नाही. उंदरांत जनुक बदललेल्या जाती तयार मिळतात. ऱ्हीससमध्ये प्रथिनाचं जनुक बहुतेकदा निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पोचवावं लागतं. बारीक सुईनं तो विषाणू अगदी सावकाश मेंदूत सोडायचा, आणि पेशींनी प्रथिन तयार करेपर्यंत काही आठवडे थांबायचं. माकडाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असली तर सगळं फुकट जाऊ शकतं. शिवाय निळा प्रकाश मेंदूत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. उंदराच्या मेंदूत तेवढ्यानं बराच भाग उजळतो, माकडाच्या मेंदूत एक कोपरा. आणि मेंदूत सोडायचा प्रकाश बाहेरून माकडाच्या डोळ्याला दिसू नये, याचा बंदोबस्त करावा लागतो. ती लकाकी पाहूनच त्यानं नजर वळवली, तर प्रयोगाचा निष्कर्षच खोटा.

ऱ्हीससच्या मेंदूतल्या पेशी प्रकाशानं चेतवता येतात, हे २००९ मध्ये अमेरिकेत दिसलं. वागण्यावर परिणाम होतो हे दिसायला २०१२ उजाडलं. वॉशिंग्टन विद्यापीठातला त्या वर्षीचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मेहरदाद जझायेरी, ग्रेग हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रात प्रकाश सोडला. तिथली प्रत्येक जागा नजरेसमोरच्या ठराविक तुकड्याशी जोडलेली असते. पडद्यावर त्या तुकड्यात काहीच नव्हतं, तरी माकडांची नजर नेमकी तिकडे गेली, जणू तिथं काही चमकलं होतं.

त्याच वर्षी बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठाच्या गटानं मेंदूच्या पुढच्या भागातलं नजरेचं केंद्र प्रकाशानं चेतवलं आणि एमआरआय यंत्रात पाहिलं. प्रकाश एकाच जागी पडला होता, पण त्या जागेशी जोडलेले दूरचे भागही जागे झाले होते. २०१५ मध्ये जपानमधल्या केन-इची इनोउए, मासाहिको ताकाडा आणि मासायुकी मात्सुमोतो यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. विषाणू सोडला पुढच्या केंद्रात, प्रकाश पाडला खूप खाली, त्या केंद्राचे तंतू जिथं जाऊन पोचतात तिथं. नजर वळली. म्हणजे दोन केंद्रांमधला एकच रस्ता निवडून त्याचं काम तपासता आलं. मेंदूचं जाळं समजून घ्यायचं तर असे रस्ते एकेक करून तपासावे लागतील.

तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रकाशानं माकडाच्या वागण्यात होणारा फरक बहुतेकदा थोडा असतो. एमआयटीत आरश अफ्राझ, बॉयडेन आणि जेम्स डिकार्लो यांनी २०१५ मध्ये चेहरे ओळखणाऱ्या पेशींचा छोटा पुंजका प्रकाशानं गप्प केला. चेहरा बाईचा की पुरुषाचा हे ओळखण्यात माकडं चुकू लागली, पण किंचितच. काही जण याला तंत्राचं अपयश म्हणतात. प्रकाश थोड्या पेशींपर्यंत पोचतो, हे त्यामागचं एक कारण आहेच. पण मला त्यात मेंदूचा स्वभावही दिसतो. इतक्या मोठ्या जाळ्यात एखादं काम एकाच पुंजक्यावर टांगलेलं नसतं. एक कोपरा गप्प झाला तर बाकीचे बऱ्याच अंशी निभावून नेतात. पक्षाघातानंतर माणसाचा हात पुन्हा हलू लागतो तेव्हाही मेंदूचे उरलेले भाग कामाला लागलेले असतात. ही सांभाळून घेण्याची ताकद कशी चालते, हे समजणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

माणसापर्यंत याचा लाभ पोचायला सुरुवातही झाली आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारानं दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या डोळ्यात प्रकाशाला प्रतिसाद देणारं असंच प्रथिन बसवण्यात आलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, खास चष्मा लावून आणि महिनोन्‌महिने सराव करून त्याला टेबलावरची वही शोधता येऊ लागली. त्याआधी हा उपाय मॅकाक माकडांच्या डोळ्यातल्या पडद्यावर तपासला होता.

हे ऋण मोठं आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रयोगातल्या माकडाच्या कवटीवर शस्त्रक्रिया होते, त्याच्या खाण्यापिण्यावर नियम येतात, वर्षं खुर्ची आणि पिंजऱ्यात जातात. शोधनिबंधात त्याच्या नावाचं अनेकदा फक्त आद्याक्षर उरतं. मथुरा-वृंदावनला यात्रेकरूंच्या हातातला प्रसाद पळवणारं माकड ते हेच. एकेकाळी भारतातून ही माकडं परदेशी प्रयोगशाळांत हजारोंनी जात; १९७८ मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. तो निर्णय योग्य होता असं मी मानते, आणि तरीही हे काम करते. कारण पार्किन्सन, अंधत्व, पक्षाघात यांच्या मुळाशी असलेली जाळी उंदरात पुरेशी सापडत नाहीत.

म्हणूनच २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले सेबास्टियन ट्रॉम्ब्ले, मायकल प्लॅट आणि जगभरच्या सहकाऱ्यांनी जे केलं, त्याचं महत्त्व मला कुठल्याही एका शोधापेक्षा कमी वाटत नाही. नऊ देशांतल्या ४५ प्रयोगशाळांनी माकडांच्या मेंदूत विषाणू सोडण्याचे हजाराहून अधिक प्रयोग एका खुल्या संग्रहात मांडले. त्यांतले निम्म्याहून अधिक तोवर कुठंही छापून आले नव्हते. कुठला विषाणू चालला नाही, कुठं प्रथिन तयारच झालं नाही, हे आता कोणालाही वाचता येतं. दडवलेल्या अपयशाची किंमत आणखी एका माकडाला मोजावी लागते. आमच्या क्षेत्रात प्रयोगाला परवानगी देतानाच, निकाल कसाही लागो, तो जाहीर करण्याची अट घातली गेली पाहिजे.